सागवान आपलं, मग नागपुरातलं लाकडी फ्लोअरिंग पावसाळ्यात का फुगतं? हेरिंगबोनचं गणित समजून घ्या

२८ मे २०२३ ला दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा इमारतीत कुठली वस्तू कुठून आली याची एक यादी सगळीकडे फिरत होती. गालिचे मिर्झापूरचे, लाल-पांढरा दगड राजस्थानातल्या सरमथुराचा आणि सागवान नागपूरचं. विदर्भात साहजिकच शेवटच्या नावाची चर्चा जास्त झाली. पण त्याच यादीत आणखी एक ओळ होती, तिच्याकडे फार कोणी बघितलं नाही. लाकडासारखी दिसणारी जी जमीन तिथे पायाखाली आहे ती सागवानाची नाही, बांबूची आहे. आणि तो बांबू आलाय त्रिपुरातल्या आगरताळ्याहून.

म्हणजे सागवान नागपूरचं, पण पायाखाली मात्र दुसरंच काहीतरी. आपल्या घरांतही चित्र फार वेगळं नाही. दार सागवानी, चौकट सागवानी, देवघर सागवानी, आणि खाली टाइल.

आता मात्र इन्स्टाग्रामवर घरांचे रील बघून अनेकांना लाकडी जमीन हवी असते. तीही साधी सरळ पट्ट्यांची नाही, तर ती तिरकी, एकमेकीत अडकलेली, बाणासारखी दिसणारी. इंटेरियरवाला त्याला हेरिंगबोन म्हणतो, कोटेशन देतो, सॅम्पल दाखवतो. पण नागपूरच्या घरात ही जमीन टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात उचलली जाणार, हे ज्या प्रश्नावर ठरतं तो प्रश्न शोरूममध्ये सहसा विचारला जात नाही. तो प्रश्न असा: घरात कूलर लावता का?

का, ते पुढे येईलच. आधी नक्षीचं बघू.

हेरिंगबोन आणि शेव्हरॉन, फरक काय?

दोन्ही दिसायला सारख्या वाटतात आणि दुकानातही बऱ्याचदा एकाच्या नावाखाली दुसरी दाखवली जाते. हेरिंगबोनमध्ये प्रत्येक पट्टी साधी आयताकृती असते, चारही कोपरे काटकोनात. एका पट्टीचं टोक दुसरीच्या अंगाला जाऊन टेकतं, त्यामुळे पायऱ्या-पायऱ्यांची रेघ दिसते. हेरिंग नावाच्या माशाच्या काट्यावरून हे नाव पडलं. शेव्हरॉनमध्ये पट्टीची टोकं आधीच तिरकी कापलेली असतात. दोन पट्ट्या टोकाला टोक लावून बसतात आणि मध्ये एकदम सरळ रेघ येते. हवालदारांच्या बाहीवरची फीत आठवा, तसा तो आकार.

तिसरी नक्षी चटईच्या विणीची. चार-पाच छोट्या पट्ट्यांचा एक चौकोन उभा, शेजारचा आडवा, पुन्हा उभा. जुन्या काळी पार्केट म्हणून जे लाकडी चौकोन मिळायचे ते बहुतेक याच प्रकारचे.

चौथी आहे व्हर्साय. मोठ्या चौकोनी चौकटीत तिरक्या पट्ट्यांची जाळी. ती आपल्या टू बीएचकेमध्ये कोणी घालेल असं वाटत नाही, पण तिच्या जन्माची गोष्ट कामाची आहे.

फ्रान्सच्या राजाच्या व्हर्सायच्या राजवाड्यात आधी संगमरवरी फरशी होती. ती सतत धुवावी लागायची, पाणी फटींतून खाली झिरपायचं आणि खालच्या लाकडी तुळया कुजायच्या. म्हणून १६८४ च्या सुमारास संगमरवर काढून लाकडी नक्षीच्या चौकटी बसवल्या गेल्या. थोडक्यात, लाकडी जमीन आली ती फरशी धुण्याच्या त्रासातून सुटका म्हणून. आणि आपण लाकडी जमीन घालून तिच्यावर रोज बादलीभर पाण्याचा पोछा मारतो. यावर पुन्हा येऊ.

हेरिंगबोन त्याहून कितीतरी जुनी. रोमन लोक विटा अशा तिरक्या रचायचे आणि त्या पद्धतीला ओपस स्पिकॅटम म्हणायचे. लॅटिनमध्ये स्पिका म्हणजे कणीस. खरं तर मासळीच्या काट्यापेक्षा गव्हाची ओंबी हे वर्णन या नक्षीला जास्त शोभतं.

मग आपल्या सागवानाचं काय?

लाकडाच्या व्यापारात ‘सीपी टीक’ हा शब्द आजही चालतो. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांनी १८६१ मध्ये बनवलेला मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर होती. प्रांत गेला, राजधानी गेली, लाकडाला नाव चिकटून राहिलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं हे सागवान बल्लारपूरच्या डेपोत येतं, तिथून लिलावात विकलं जातं. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये जे सागवान गेलं तेही बल्लारपूरहूनच. वनविकास महामंडळाचं मुख्यालय नागपुरात आहे आणि शहरात लाकडाचा बाजार ज्या भागात आहे त्याचं नावच लकडगंज.

लाकडी जमिनीसाठी सागवान चांगलं की वाईट? एका शब्दात, चांगलं. पण लोक समजतात त्या कारणानं नाही. लोकांना वाटतं सागवान खूप कठीण असतं. तसं ते नाही. परदेशात जमिनीसाठी सर्रास वापरलं जाणारं पांढरं ओक सागवानापेक्षा कठीण असतं. बायकांच्या टोकदार टाचा किंवा ओढत नेलेलं कपाट यांचे चरे सागवानावर लवकर पडतात. सागवानाची खरी ताकद वेगळी आहे. ते हवामानाप्रमाणे कमी हलतं. त्यात नैसर्गिक तेल असतं, आणि गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही.

इथे ‘गाभ्याच्या’ हा शब्द महत्त्वाचा. खोडाच्या बाहेरच्या बाजूचं जे फिकट, पांढरट लाकूड असतं ते सागवानाचंच असलं तरी वाळवीला चालतं. लहान वयात तोडलेल्या झाडात हा पांढरा भाग जास्त निघतो. पॉलिश मारल्यावर तो ओळखू येत नाही, म्हणून माल पॉलिशच्या आधी बघायचा. आणि सागवान घेताना पक्कं बिल आणि टीपी, म्हणजे वन विभागाचा वाहतूक परवाना, याबद्दल विचारायचं. स्वस्तात मिळालेल्या सागवानाचा कागद नसेल तर ते स्वस्त का आहे याचं उत्तर तिथेच मिळतं.

लाकूड हलतं म्हणजे नेमकं काय होतं?

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. कापून, रंधा मारून, पॉलिश करून झाल्यावरही. हवा दमट असली की पट्टी रुंदीत फुगते, कोरडी झाली की आकसते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे: लाकूड आडवं हलतं, उभं हलत नाही.

आता नागपूरची हवा बघा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. (३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, पण तो सेन्सरचा बिघाड असल्याचं हवामान खात्यानं नंतर सांगितलं.) मे महिन्यातल्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास जाते. ऑगस्टमध्ये तीच ८० टक्क्यांच्या वर असते. मुंबईची हवा वर्षभर कमी-जास्त दमटच असते, त्यामुळे तिथलं लाकूड एकदा स्थिरावलं की फार हलत नाही. नागपूरच्या लाकडाला मात्र दर वर्षी वाळवंट आणि पावसाळी जंगल या दोन्ही ठिकाणी राहून यावं लागतं.

आकड्यांत सांगायचं तर, ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रतेत बराच काळ ठेवलेल्या लाकडात ओलावा साधारण ४ टक्के उरतो. २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत तो १६ टक्क्यांच्या जवळ जातो. घराच्या आत फरक इतका टोकाचा नसतो. समजा तो ६ टक्क्यांचा आहे.

सागवानाची पट्टी नेहमीच्या पद्धतीनं चिरलेली असेल तर ओलाव्यातल्या दर एका टक्क्यामागे तिची रुंदी साधारण ०.१९ टक्क्यानं बदलते. म्हणजे ७० मिलिमीटर रुंद पट्टी उन्हाळा ते पावसाळा पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त फुगेल. एवढंच? हो, पण एका पट्टीत. बारा फुटांच्या खोलीत सगळ्या पट्ट्या एकाच दिशेनं लावल्या तर कागदावर ही बेरीज ४० मिलिमीटर होते. दीड इंचाहून जास्त. प्रत्यक्षात गोंद पट्ट्यांना धरून ठेवतो, मधल्या बारीक फटी काही भाग पोटात घेतात, म्हणून पूर्ण ४० दिसत नाही. पण तेवढा जोर तिथे असतो आणि तो कुठेतरी निघणारच. भिंतीपाशी जागा नसेल तर जमीन मध्येच तंबूसारखी उचलली जाते.

पांढऱ्या ओकचा हाच आकडा सागवानाच्या जवळजवळ दुप्पट आहे. रीलमध्ये दिसणारी ती फिकट, मधाच्या रंगाची जमीन बहुतेक ओकची असते. नागपुरात अख्ख्या ओकच्या पट्ट्या घालणं म्हणजे जाणूनबुजून दुप्पट त्रास विकत घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिरण्याच्या पद्धतीनंही फरक पडतो. ओंडक्याची वर्तुळं पट्टीच्या टोकाला उभी दिसत असतील तर ती पट्टी जवळपास निम्मीच हलते. वर्तुळं आडवी, पसरट दिसत असतील तर पूर्ण हलते. पट्टी हातात घ्या, टोकाकडून बघा, पाच सेकंदांचं काम आहे. पण उभ्या वर्तुळांच्या पट्ट्या काढताना ओंडका जास्त वाया जातो, म्हणून त्या महाग.

आता कूलर

मे महिन्यात नागपूरच्या घरातली हवा कोरडी असते, हे अर्धसत्य आहे. ज्या घरात वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या लावलेला मोठा कूलर दिवसभर चालतो, तिथे आतली हवा चांगलीच दमट असते. कूलर त्याच तत्त्वावर चालतो, पाणी हवेत सोडून हवा गार करतो. आणि त्याच घरात बेडरूमला एसी असतो, जो हवेतलं पाणी काढून घेतो.

म्हणजे एकाच घरात, एकाच दिवशी, हॉलमधलं लाकूड फुगतंय आणि बेडरूममधलं आकसतंय. दोन्ही खोल्यांत उंबरठा न ठेवता एकसलग हेरिंगबोन घातलेली असेल तर दाराजवळच्या पट्ट्या दोन्हीकडून ओढल्या जातात. शिवाय कूलरची टाकी कधीतरी सांडतेच. खिडकीत बाहेरून लावलेला असला तरी तुषार आत येतात. रात्री झोपताना एसी, दिवसा कूलर असा एकाच खोलीत खेळ असेल तर विचारूच नका.

म्हणून तो पहिला प्रश्न. लाकडी जमीन घालायची असेल तर त्या खोलीतला कूलर जायला हवा. हे वाक्य नागपुरात जड जातं, ठाऊक आहे.

नक्षीमुळे फुगणं कमी होतं का?

हेरिंगबोनमध्ये पट्ट्या एकमेकींना धरून ठेवतात, त्यामुळे ती जमीन हलत नाही, असं ठामपणे सांगणारे भेटतात. हे अर्धंच खरं. नक्षी फुगणं संपवत नाही, ते कुठल्या बाजूला जाईल हे ठरवते.

एक कागद घ्या आणि हेरिंगबोन काढून बघा. पट्टीची लांबी तीच ठेवा, रुंदी थोडी वाढवा. नक्षी मोडत नाही. ती फक्त बाण ज्या दिशेनं धावतोय त्या दिशेनं लांब होते. बाणाच्या आडव्या दिशेला, म्हणजे डावीकडून उजवीकडे, जवळपास काहीच बदल होत नाही, कारण तिथलं माप पट्टीच्या लांबीवर ठरतं आणि लांबी हलत नाही. शेव्हरॉनमध्येही तसंच.

याचा उपयोग काय? बाण जर खोलीच्या लांब बाजूनं काढले, आणि दिसायला तेच छान दिसतं, तर जवळजवळ सगळं फुगणं त्या दोन टोकांच्या भिंतींपाशी येणार. तिथे जागा सोडणं सगळ्यात महत्त्वाचं. चारही बाजूंना जागा सोडायचीच, पण बाणाच्या टोकाशी आणि शेपटीशी कंजूषपणा करायचा नाही. नेमकं तिथेच बाल्कनीचं सरकतं दार असतं आणि मिस्त्री पट्टी थेट त्याच्या चौकटीला घट्ट टेकवतो.

चटई नक्षीचं वेगळं. तिच्यात उभे-आडवे चौकोन असल्यामुळे फुगणं दोन्ही दिशांना निम्मं-निम्मं वाटलं जातं. वर्षभर हवा बदलणाऱ्या शहरासाठी मला ही नक्षी सगळ्यात समजूतदार वाटते. फॅशनमध्ये नाही, हा तिचा एकच दोष.

दुकानात ‘वुडन’ म्हणून मिळतं ते लाकूड असतं का?

‘वुडन फ्लोअरिंग’ या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि निम्मी भांडणं इथेच सुरू होतात.

अख्खं लाकूड म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच लाकूड. ते पुन्हा पुन्हा घासून नवं करता येतं, पण वर सांगितलेलं सगळं हलणं त्याच्यात आहे. इंजिनिअर्ड म्हणजे खाली प्लायवुडसारखे उलटसुलट थर आणि वर काही मिलिमीटर खरं लाकूड. उभ्या-आडव्या थरांमुळे ते खूप कमी हलतं. वरचा थर ३-४ मिलिमीटरचा असेल तर एखाद-दोनदा घासूनही घेता येतो, पण तो कागदासारखा पातळ असेल तर नाही. म्हणून जाडी विचारताना पूर्ण पट्टीची नाही, वरच्या थराची विचारायची.

लॅमिनेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड आणि वर लाकडाचा छापील फोटो. दिसायला झकास, चऱ्यांना मजबूत, पण पाणी आत गेलं की बोर्डाच्या कडा फुगतात आणि वाळल्यावर परत बसत नाहीत. चौथं एसपीसी, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि प्लास्टिक. पाण्याला ते दाद देत नाही. पण पश्चिमेच्या मोठ्या खिडकीतून मे महिन्याचं ऊन थेट पडत असेल तर तापून प्रसरण पावतं.

यातल्या कुठल्याही प्रकारात हेरिंगबोन मिळते. इंजिनिअर्डची हेरिंगबोन घेतली तर खोक्यांवर डावी आणि उजवी पट्टी असं लिहिलेलं असतं, कारण खाच आणि जीभ वेगवेगळ्या बाजूंना असते. दोन्ही सारख्या संख्येनं लागतात. एकाच प्रकारची खोकी जास्त आली तर काम अर्ध्यात अडतं.

घालतात कशी?

सुरुवात खालच्या जमिनीपासून. नव्या फ्लॅटमधला कोबा बाहेरून कोरडा दिसतो, आत ओला असतो. ढोबळ हिशेब असा की एक इंच जाडीला एक महिना वाळायला द्यायचा. तपासायचं असेल तर दोन-दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून जमिनीवर चिकटवायचा आणि एक दिवस ठेवायचा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला तर थांबायचं. तळमजल्यावर, विशेषतः काळ्या मातीवरच्या जुन्या घरात, ओल खालूनही वर चढते. तिथे नुसतं वाळवून भागत नाही, मध्ये ओल अडवणारा थर लागतो.

सपाटी दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दाखवू नये. साध्या पट्ट्यांमध्ये थोडा खड्डा खपून जातो. नक्षीत प्रत्येक छोटी पट्टी वेगळी डुगडुगते आणि चालताना टकटक आवाज येतो.

मग लाकूड खोलीत आणून ठेवायचं. खोकी उघडून, आठवडाभर तरी, त्याच खोलीत, राहताना जशी हवा असणार तशा हवेत. गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये ठेवलेलं चालत नाही. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, ठेकेदाराकडे ते नसेल तर मला तरी तो ठेकेदार नको. कुठल्या कामाला किती ओलाव्याचं लाकूड चालेल यासाठी भारतीय मानक आहे, आयएस २८७. त्यात देशाचे हवामानाप्रमाणे विभाग पाडून मर्यादा दिल्या आहेत.

महिना कुठला? मे मध्ये लाकूड सगळ्यात आकसलेलं असतं, तेव्हा घट्ट बसवलं तर ऑगस्टमध्ये जागा पुरणार नाही. ऑगस्टमध्ये बसवलं तर एप्रिलपासून फटी दिसू लागतील. नागपुरात ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा, लाकूड मधल्या मापात असतं. दिवाळीच्या आधी काम संपवा म्हणून घाई करणाऱ्यांनी दिवाळीनंतर सुरू करावं.

आता खरी कसोटी, आखणी. नक्षी भिंतीपासून सुरू करत नाहीत, कारण कुठल्याही घराची भिंत पूर्ण सरळ नसते. खोलीचा मध्य काढून दोरीनं रेघ मारतात. तिला काटकोनात दुसरी. काटकोन गुण्यानं नाही, कारण एवढ्या मोठ्या अंतरात छोटा गुण्या दगा देतो. तीन-चार-पाचनं काढतात: एका रेघेवर तीन फूट, दुसरीवर चार, तिरकं अंतर बरोबर पाच यायलाच हवं. बांधकामावरच्या प्रत्येक मिस्त्रीला हे येतं. मग मधल्या रेघेला ४५ अंशांत पहिल्या काही पट्ट्या बसतात आणि त्यांच्या आधारानं बाकी सगळं पुढे जातं.

इथे एक अंशाची चूक झाली तर? बारा फूट पुढे गेल्यावर नक्षी ६४ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच सरकलेली असते. साध्या पट्ट्यांत हे शेवटच्या ओळीत लपवता येतं. हेरिंगबोनमध्ये दारात उभं राहिलं की बाण वाकडा जाताना सरळ दिसतो. पट्ट्यांचं मापही तसंच तंतोतंत लागतं. रुंदीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असलेल्या पट्ट्या चाळीस ओळी लागल्या की २० मिलिमीटरचा घोळ. म्हणून आरा मशीनवर चिरून आणलेल्या पट्ट्यांवर थेट नक्षी करता येत नाही, त्या सगळ्या एकाच मापावर रंधून घ्याव्या लागतात.

मजुरी का जास्त, हेही यातच आलं. बारा बाय बाराच्या खोलीत चार फूट लांबीच्या नेहमीच्या पट्ट्या साधारण ९३ लागतात. ७० बाय ४२० मिलिमीटरच्या हेरिंगबोन पट्ट्या ४५५ लागतात. भिंतीलगत प्रत्येक पट्टी तिरकी कापावी लागते, उरलेले त्रिकोण फार कामाचे नसतात. म्हणून १५ टक्के माल जास्त धरतात. कोटेशनमध्ये फक्त खोलीचं क्षेत्रफळ लिहिलेलं असेल तर वरचा खर्च नंतर येणार हे समजून घ्यायचं.

चिकटवायला सुताराचा नेहमीचा पांढरा गोंद नको. त्यात पाणी असतं, ते पट्टीच्या खालच्या बाजूला शिरतं आणि पट्टी वाकते. लाकडी जमिनीसाठीचा लवचिक, रबरासारखा राहणारा गोंद वेगळा मिळतो. भिंतीपाशी १० ते १२ मिलिमीटर जागा, वर स्कर्टिंग. ती जागा शेवटच्या दिवशी सफाईच्या नावाखाली पांढऱ्या सिमेंटनं भरून टाकली जाते, तेव्हा तिथे स्वतः उभं राहा.

अख्ख्या लाकडाला शेवटी घासाई असते. सरळ पट्ट्यांवर मशीन रेषांच्या दिशेनं फिरवतात. नक्षीत रेषा दर पट्टीला दिशा बदलतात, त्यामुळे कुठेतरी आडवे ओरखडे पडणारच. ते बारीक पेपरनं हळूहळू काढावे लागतात. हे काम घाईत झालं की संध्याकाळी खिडकीतून तिरकं ऊन आलं की सगळे ओरखडे चमकतात.

आणि मग पोछा

सगळं नीट झालं तरी जमिनीचं आयुष्य ठरतं ते रोज सकाळी. आपल्याकडे घर स्वच्छ म्हणजे पुसलेलं, आणि पुसलेलं म्हणजे ओलं. नक्षीच्या जमिनीत सांधे साध्या जमिनीच्या कितीतरी पट असतात, आणि पाणी शिरतं ते सांध्यातूनच. फडकं पिळून, जवळजवळ कोरडं करून पुसायचं. फिनाइलची बादली नाही. घरी कामाला येणाऱ्या ताईंना हे पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवं, नाहीतर त्यांनी वीस वर्षं जसं पुसलं तसंच त्या पुसणार, आणि त्यात त्यांची चूक नाही.

तळमजला असेल तर मी नाहीच म्हणेन. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आजूबाजूच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं होतं. टाइल धुऊन पुन्हा वापरता येते. पाण्याखाली गेलेली लाकडी जमीन उचलून फेकावी लागते.

वरचा मजला आहे, एक खोली आहे, कूलर नाही, पोछ्याचं ठरलंय, तर सागवानाचा वरचा थर असलेली इंजिनिअर्ड हेरिंगबोन किंवा अख्ख्या सागवानाची चटई नक्षी, दोन्ही नागपुरात चालू शकतात. यातलं एकही जमत नसेल तर लाकडासारखी दिसणारी लांबट व्हिट्रिफाइड टाइल हेरिंगबोनमध्ये लावून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. बाण तोच, आखणी तीच, तीन-चार-पाच तेच, आणि कूलरही चालेल.

लाकूड घेतलंच तर काम संपल्यावर उरलेल्या पंधरा-वीस पट्ट्या ठेकेदाराला परत देऊ नका. पाच वर्षांनी एखादी पट्टी बदलायची वेळ आली की त्याच मापाची आणि त्याच रंगाची पट्टी बाजारात मिळत नाही. त्या पट्ट्या माळ्यावर टाकू नका, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. ज्या खोलीत जमीन घातलीय त्याच खोलीत, पलंगाखाली ठेवा, म्हणजे बाकीच्या पट्ट्यांसोबत त्याही फुगतील आणि आकसतील.